मुंबईत पायी फिरायचंय: फोर्ट की मरीन ड्राइव्ह?
गाइड न घेता एकच काहीतरी बघायचंय, असं विचारणाऱ्यांसाठी. फोर्टची वाट म्हणजे सीएसएमटी स्टेशन ते गेटवे ऑफ इंडिया, अंतर अडीच किमीच्या आसपास, पण वेळ भरपूर जातो कारण सारखं थांबावंसं वाटतं, १८८८ चं स्टेशन, १८६४ चं फ्लोरा फाउंटन, जरा वाकडी वाट करून राजाबाई टॉवर, शिवाय डीएन (दादाभाई नौरोजी) रोडच्या कमानींखाली सावली मिळते आणि उन्हात तीच कामाला येते. मरीन ड्राइव्ह साधारण साडेतीन किमी, सपाट, रस्ता चुकायचा प्रश्नच नाही, दमलात की कट्ट्यावर बसा, पण दुपारी ऊन नुसतं भाजून काढतं. तिथल्या आर्ट डेको (१९३०-४० च्या सुमाराची बांधकामशैली) बिल्डिंगा नीट बघा हां, २०१८ पासून जागतिक वारसा आहेत आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून बसतात! इतिहासाची आवड असेल तर सकाळी फोर्ट. आईबाबा सोबत असतील, निवांत हवा खायची असेल तर संध्याकाळी मरीन ड्राइव्ह.