कीबोर्ड ट्रेवर की टेबलावर? सुताराला माप देण्यापूर्वी

कॉम्प्युटरचे टेबल करून घ्यायचे ठरले की सुतार माप लिहिता लिहिता स्वतःहूनच विचारतो, "साहेब, कीबोर्डला खाली ट्रे देतो ना?" आणि आपण फारसा विचार न करता हो म्हणून मोकळे होतो. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरी मीही तसेच हो म्हटले होते. त्यानंतर सुमारे तीन वर्षे मी ट्रेवर कीबोर्ड ठेवून खेळलो आणि गेली तीन वर्षे टेबलावर ठेवून खेळतो आहे. रोज रात्री दीड-दोन तास, बहुतेक वेळा काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट हे निशाणा धरून गोळी घालण्याचे कॉम्प्युटरवरचे खेळ, आणि दिवसा त्याच टेबलावर कार्यालयाचे काम, असा हा वापर आहे. प्रत्येकाची उंची, खुर्ची आणि खेळण्याची रीत वेगळी असल्याने माझा अनुभव सर्वांना जसाच्या तसा लागू पडेल असा माझा दावा नाही.

मूळ प्रश्न उंचीचा आहे. आपल्याकडे टेबल सर्रास ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर उंचीचे केले जाते. माझी उंची ५ फूट ६ इंच आहे. पाय जमिनीवर सपाट टेकतील इतकी खुर्ची खाली घेतली आणि खांदे सैल सोडून कोपर काटकोनात दुमडले, तर ते जमिनीपासून २६ इंचांवर येते. म्हणजे टेबल माझ्या कोपरापेक्षा ४ इंच उंच ठरते. हे ४ इंच कुठून तरी भरून काढावेच लागतात. आपल्या नकळत खांदे वर उचलले जातात, हाताचा भार टेबलाच्या कडेवर पडतो आणि मनगट मागे दुमडले जाते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून स्नायूंच्या दोऱ्यांबरोबर मध्य नसही जाते आणि मनगट मागे दुमडले की त्या बोगद्यातला दाब वाढतो. म्हणून कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उघडून तो उभा चढवण्याची सवय, कीबोर्ड ट्रेवर असो वा टेबलावर, आधी सोडावी.

उंचीपुरते पाहिले तर ट्रे निर्विवाद सरस आहे. तो टेबलाच्या फळीखाली साधारण ४ इंचांवर लटकतो, त्यामुळे कीबोर्ड जिथे हवा तिथेच येतो आणि खुर्ची वर घ्यावी लागत नाही. पाय जमिनीवर राहतात, कॉम्प्युटरचा पडदाही हलवावा लागत नाही. मांडी आणि ट्रे यांच्यामध्ये जागा थोडी कमी उरते आणि खुर्चीचे हात ट्रेच्या कडेवर आपटतात, पण याची सवय होते. दिवसभर टाइप करण्यासाठी ट्रे मला आजही आवडतो, हे मी मोकळेपणाने सांगतो.

खेळायला बसल्यावर मात्र माउसचा प्रश्न उभा राहतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये माउसचे ८०० डीपीआय (माउस इंचभर सरकला की तो किती मोजण्या पाठवतो तो आकडा) आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी १ ठेवली, तर स्वतःभोवती पूर्ण फेरी मारायला माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो आणि नुसते मागे वळायला २६ सेंटिमीटर. माझा पहिला ट्रे २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर रुंद होता. न्यूमपॅडसह (उजवीकडच्या आकड्यांच्या कळांसह) पूर्ण कीबोर्ड ४४ सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे माउसला १७ सेंटिमीटर उरतात. न्यूमपॅड नसलेला टेनकीलेस कीबोर्ड घेतला तरी जेमतेम २५. माउस दर वेळी उचलून मागे आणावा लागतो आणि नेमका त्याच क्षणी समोरचा गोळी घालतो.

त्यावर बहुतेक जण जो उपाय करतात तोच मीही केला. कीबोर्ड खाली ट्रेवर ठेवला आणि माउस वर टेबलावर घेतला. हे मात्र कोणीही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डावा हात २६ इंचांवर आणि उजवा ३० इंचांवर, अशा अवस्थेत मी आठ महिने खेळलो. उजव्या खांद्यापासून मानेपर्यंतचा स्नायू दोरीसारखा ताठ झाला आणि सकाळी शर्ट घालताना हात मागे जाईना. ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो त्यांनी मानेला हात लावण्याआधी मला खुर्चीवर बसवून, "घरी बसता तसे बसून दाखवा," असे सांगितले. मी उजवा हात हवेत जिथे धरला, तिथेच त्यांना कारण सापडले.

घरी आल्यावर मी सुताराला पुन्हा बोलावले आणि ३६ इंच रुंदीचा नवा ट्रे करून घेतला. आता कीबोर्ड आणि माउस एकाच पातळीवर आले, जागाही पुरेशी झाली आणि प्रश्न सुटला असे मला वाटले. पण ज्या एका गोष्टीमुळे मी ट्रे कायमचा सोडला, ती याच ट्रेवर लक्षात आली. हा ट्रे थरथरत होता. दोन बाजूंच्या टेलिस्कोपिक चॅनेलवर, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या पट्ट्यांवर, तो बाहेर ओढला की पुढच्या कडेला खालून कसलाच आधार राहत नाही, आणि रुंदी वाढली की मधला भागही लवतो. टाइप करताना हे जाणवले नव्हते. खेळताना मात्र उडी मारण्यासाठी डाव्या अंगठ्याने स्पेस बार दाबला की खेळातल्या लांबच्या खिडकीवर रोखलेला क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरण्याची पडद्यावरची खूण, केसभर हलायचा. कारण सरळ आहे: माउस धरलेला हात खांद्यापासून स्थिर असतो, त्याच्या खालचा पृष्ठभाग मात्र हलतो, आणि सेन्सरला ही हालचाल माउस हलवल्यासारखीच दिसते.

मला भास तर होत नाही ना, अशी शंका आली म्हणून एका रात्री स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी घेऊन ती माउसच्या जागी ठेवली आणि खेळताना दाबतो तसाच स्पेस बार दाबला. वाटीच्या कडेपासून मध्यापर्यंत बारीक वलये उठली आणि ती पुरती विरण्याआधी दुसऱ्यांदा दाबले, तर पाणी कडेवरून सनमायकावर ओघळले. तीच वाटी पुन्हा भरून टेबलावर ठेवली, कीबोर्डही वर घेतला आणि तितक्याच जोराने दाबले. पाण्यावर पडलेले ट्यूबलाइटचे प्रतिबिंब जराही मोडले नाही. हे काही शास्त्रशुद्ध मोजमाप नव्हे, परंतु माझ्यापुरता निर्णय त्या वाटीने दिला.

सुताराने मनापासून प्रयत्न केले, हेही सांगितले पाहिजे. १२ मिलिमीटरच्या प्लायऐवजी १८ मिलिमीटरचा प्लाय लावला, चॅनेल बदलून जाड घेतले आणि ट्रे आत सरकू नये म्हणून मागे लाकडी ठोकळाही बसवला. थरथर निम्म्यावर आली, पण गेली नाही. ज्यांचे खेळ निशाणा धरण्याचे नाहीत, जे व्यूहरचनेचे किंवा कंट्रोलरवरचे गाड्यांचे खेळ खेळतात, त्यांना ती कधी जाणवणारही नाही आणि त्यांनी ट्रेवरच राहायला माझी काहीच हरकत नाही.

टेबलावर कीबोर्ड घेण्याचीही किंमत मोजावी लागते. खुर्ची ४ इंच वर घेतली की पाय लोंबकळतात आणि बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते, म्हणून पायाखाली काहीतरी हवेच. मी आधी न्हाणीघरातला अंघोळीचा जुना पाट घेतला. तो २ इंचांचाच होता आणि दोन पाट एकावर एक ठेवले तर ते घसरत. अखेर उरलेल्या प्लायची ४ इंच उंचीची, किंचित उतरती पायटेक करून घेतली. डोळे ४ इंच वर गेले, म्हणून पडदाही तितकाच वर घ्यावा लागला. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल इतपत उंची पुरते. टेबलाची खोली मात्र २४ इंचांपेक्षा कमी असू नये, कारण कोपरापुढचा अर्धा हात फळीवर विसावला तरच खांद्याचा भार हलका होतो. सनमायकाची काटकोनी कड हातात रुतते. ती आधीच घासून गोल करून घ्यावी. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत घामाने उघडा हात सनमायकाला चिकटतो, त्यावर ९० बाय ४० सेंटिमीटरचे मोठे कापडी पॅड हा चांगला उपाय आहे.

या खटाटोपाच्या बदल्यात स्थैर्याबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे कीबोर्ड तिरका ठेवण्याची मोकळीक. खेळात चालण्या-फिरण्यासाठी डब्ल्यू, ए, एस, डी या कळांची चौकडी रूढ करण्याचे बरेचसे श्रेय १९९७ साली क्वेक या गोळीबाराच्या खेळाची मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या डेनिस फाँग या खेळाडूला दिले जाते. या चौकडीमुळे खेळाडूचा डावा हात कीबोर्डच्या डाव्या टोकालाच राहतो. उरलेला कीबोर्ड नुसताच उजवीकडे पसरून माउसची जागा अडवतो. शिवाय डावा हात बाहेरून आत तिरका येत असल्याने कीबोर्ड सरळ असला तर मनगट करंगळीच्या बाजूला वळते. त्यामुळे डावे टोक पडद्याकडे आणि उजवे टोक आपल्याकडे असा कीबोर्ड २५-३० अंशांत फिरवला की मनगट हाताच्या रेषेत सरळ येते आणि उजवीकडची जागाही मोकळी होते. पूर्ण कीबोर्ड इतका फिरवला तर त्याला खोलीच सुमारे ३३ सेंटिमीटर लागते आणि १२ इंचांच्या ट्रेवर तो मावत नाही. टेनकीलेस मावतो, पण काठोकाठ. टेबलावर ही अडचणच येत नाही.

लहान मुलांसाठी टेबल असेल तर माझे मत थोडे बदलते. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी खुर्ची इतकी वर घेणे आणि पायटेक सांभाळणे अवघड असते. त्या वयात ट्रे अधिक बरा, फक्त माउसही ट्रेवरच ठेवायचा हे घरातल्या मोठ्यांनी पाहावे.

टेबल अजून झालेच नसेल, तर या दोन्हींपेक्षा तिसरी वाट मला सर्वांत पटते. गेल्या दिवाळीत धाकट्या भावाने धायरीच्या फ्लॅटसाठी टेबल करायला घेतले. त्याची चण माझ्यासारखीच आहे, त्यामुळे ट्रे काढून टाकून फळीच २७ इंचांवर घ्यायला मी त्याला सांगितले. सुतार म्हणाला, "सगळे तीसच करतात, साहेब." तरी आम्ही सत्तावीसवर ठाम राहिलो. खाली खण न काढल्यामुळे मांडीला जागा पुरते, खुर्ची थोडीशीच वर घ्यावी लागते आणि पायाखाली तोच जुना पाट पुरतो. माप घेण्याची पद्धत सोपी आहे. नेहमीची खुर्ची घ्यावी, पायात घरी घालतो तीच चप्पल असावी, पाय सपाट टेकवून खांदे सैल सोडावेत, कोपर काटकोनात दुमडावे आणि दुसऱ्या कोणाला तरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप धरायला सांगावे. जो आकडा येईल त्यात एखादा इंच मिळवून तो कागदावर लिहावा आणि सुतार घरी येईल तेव्हा तोच कागद त्याच्या हातात द्यावा.