इन्व्हेस्टमेंट बँकेतली छोटी इंटर्नशिप: जावं की नाही? (5 पैकी साडेतीन)

बँकेचं नाव विचारू नका, पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या कागदांवर सह्या घेतल्यात. आणि तसंही नावाने फार फरक पडत नाही, कारण दुसऱ्या बँकांमध्ये जाऊन आलेल्या मैत्रिणींशी बोलले तर सगळीकडचा साचा एकच निघाला. कॉलेजच्या मुलांसाठी सुट्टीत आठवडा-दोन आठवड्यांचं प्लेसमेंट, रोज वेगळ्या डिपार्टमेंटमध्ये बसवायचं, शेवटी ग्रुप प्रेझेंटेशन, सर्टिफिकेट आणि टाटा.

ज्यांना पूर्ण वाचायचं नाहीये त्यांच्यासाठी: बँक जे मुद्दाम दाखवते ते बऱ्यापैकी वेबसाइटवरच असतं, पण कुणाच्या तरी शेजारी खुर्ची टाकून बसल्यावर जे आपसूक दिसतं त्यासाठी नक्की जा.

आधी कंटाळवाणा भाग उरकते. सुरुवातीला प्रेझेंटेशन्सचा मारा असतो. एम अँड ए (कंपन्यांची खरेदी-विक्री आणि विलीनीकरण) वाले येणार, मग मार्केट्स, मग रिसर्च, मग रिस्क, प्रत्येकाच्या स्लाइडवर तेच हसरे चेहरे आणि 'आमचं कल्चर खूप कोलॅबोरेटिव्ह आहे'. दुपारपर्यंत डोळे मिटायला लागतात. एमडी, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर लोक आपापली लाइफ स्टोरी सांगतात, ती ऐकायला बरी वाटते पण त्यातून कामाचं काहीच कळत नाही. यात एकच सेशन खरंच भारी होतं आणि ते कम्प्लायन्सचं, म्हणजे कायदे-नियम पाळले जातात का ते बघणाऱ्यांचं होतं, ज्याला निम्मी मुलं मोबाइल बघत बसली होती. आपलं कार्ड काही मजल्यांवर चालतच नाही, ते का, हे तिथे कळलं. एखादी कंपनी दुसरीला विकत घेणार हे डील टीमला महिनोन्महिने आधी माहीत असतं आणि त्याच बँकेचा रिसर्च ॲनालिस्ट त्याच कंपनीवर 'घ्या' की 'विका' लिहीत असतो, ट्रेडर तोच शेअर हाताळत असतो. बातमी इकडून तिकडे गेली की तो सरळ इन्सायडर ट्रेडिंगचा मामला. म्हणून मध्ये चायनीज वॉल, म्हणजे डिपार्टमेंटमधली माहिती अडवणारी भिंत, म्हणून डीलना टोपणनावं, म्हणून लिफ्टमध्ये कामाबद्दल चकार शब्द नाही. मी ज्या टीमसोबत बसले तिथे ज्युनियर लोकसुद्धा आपापसात क्लायंटचं खरं नाव घेत नव्हते, त्या प्रोजेक्ट-नावानेच बोलायचे, आणि ते इतकं सवयीचं की आपल्यालाच थोडा वेळ लागतो कोण कशाबद्दल बोलतंय ते समजायला.

आता खरी मजा. मला एका पहिल्या वर्षाच्या ॲनालिस्टच्या बाजूला बसवलं. तो बिचारा कामात बुडालेला, पण माणूस चांगला, काम करता करता बोलत होता. माउसला हात नाही. सगळं कीबोर्डवर, कंट्रोल आणि चौकटी कंस दाबला की आकडा कुठल्या सेलमधून आलाय तिथे उडी, हाताने टाकलेले आकडे निळे, फॉर्म्युल्याचे काळे. हे यूट्यूबवर पण आहे म्हणाल, बरोबर. पण मग तो ज्या टेबलवर अडकला होता ते बघा. सारख्या धंद्यातल्या काही कंपन्या घेऊन त्यांचं ईव्ही (कर्ज धरून कंपनीची एकूण किंमत) भागिले ईबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) काढायचं होतं. आम्हाला कॉलेजात हे एका ओळीत शिकवलेलं, भागाकार करा, सरासरी काढा, झालं. त्याच्याकडे एक कंपनी युरोपातली आणि एक अमेरिकन, दोघींची दुकानं भाड्याच्या जागेत. युरोपातल्या कंपनीला आयएफआरएस 16 हा हिशेबाचा नियम लागू झाला 2019 पासून, त्यात भाड्याचा खर्च घसारा आणि व्याज म्हणून दाखवतात, म्हणजे तो ईबिटडाच्या खाली जातो आणि ईबिटडा फुगतो. अमेरिकन नियमात बहुतेक दुकानांचं भाडं अजूनही ऑपरेटिंग खर्चातच दिसतं. मग दोन्ही एका ओळीत ठेवायच्या कशा? युरोपातलीचं भाडं परत वजा करायचं, तिच्या कर्जातून लीजचं देणं पण काढायचं, तेव्हा कुठे तुलना होते. हे सगळं तो वार्षिक अहवालाच्या पार मागच्या नोट्समधून उकरून काढत होता. वर एकीचं वर्ष मार्चला संपतं, दुसरीचं डिसेंबरला, ते जुळवायचं वेगळंच. त्या तासाभरात मला जे समजलं ते सेमिस्टरभराच्या लेक्चरमध्ये समजलं नव्हतं.

आणि मग तपासणी! पान प्रिंट काढलं, लाल पेन घेतला आणि एकेक आकडा अहवालाशी ताडून त्याच्यावर टिक. मग असोसिएट, म्हणजे त्याच्या वरचा, आला, त्याने पान हातात घेतलं आणि आकड्यांकडे न बघता आधी फूटनोट वाचल्या. शेअरचा भाव कुठल्या तारखेचा धरलाय ते एका पानावर लिहिलं होतं, दुसऱ्यावर नव्हतं. पान परत. बाहेरच्यांना वाटतं इथे मोठमोठी डोकी मोठमोठे निर्णय घेत असतात, घेतही असतील वरच्या मजल्यावर, खाली मात्र तारखा जुळवणं चालू असतं. मला ते आवडलं, खरं सांगते. ज्यांना असल्या चिकट कामाचा वैताग येतो त्यांनी हे आधीच बघून घेतलेलं बरं.

ट्रेडिंग फ्लोअरबद्दल थोडक्यात. आरडाओरडा वगैरे काही नाही, लायब्ररी बरी. ब्लूमबर्ग या बाजाराची माहिती देणाऱ्या सिस्टिमचे रंगीत बटणांचे कीबोर्ड, प्रत्येकासमोर चार-सहा स्क्रीन आणि सगळे टाइप करतायत. फोन रेकॉर्ड होतात, पर्सनल मोबाइलवरून क्लायंटशी धंद्याचं बोलणं बंद. याचं कारण विचारलं तर एकीने 2022 चा दाखला दिला, अमेरिकेच्या एसईसीने (तिथली शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरच्या संभाषणांच्या नोंदी न ठेवल्याबद्दल वॉल स्ट्रीटच्या कंपन्यांना एका फटक्यात 1.1 अब्ज डॉलर दंड लावला होता.

सगळ्यात अनपेक्षित दिवस ऑपरेशन्सचा. माहितीपत्रकात त्याला जेमतेम एक ओळ आणि आमच्यातले काही जण तर तोंड वाकडं करूनच गेले. सौदा झाला म्हणजे झालं असं आपण समजतो, पण शेअर इकडून तिकडे आणि पैसे तिकडून इकडे जायचे असतात. अमेरिकेत 28 मे 2024 पासून हे सौद्याच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पूर्ण व्हावं लागतं, आधी दोन दिवस मिळायचे. म्हणजे समोरच्या बँकेच्या नोंदीत एक आकडा वेगळा असेल तर तो शोधायला वेळ निम्मा झाला. ज्या बाईंच्या बाजूला मी बसले त्यांच्या स्क्रीनवर न जुळलेल्या सौद्यांची यादी होती आणि त्या एकेक करून मेल, फोन, परत मेल करत ती संपवत होत्या. एक सौदा निव्वळ चुकीच्या अकाउंट नंबरमुळे अडकलेला. त्यांना मी जितके प्रश्न विचारले तितक्यांची उत्तरं मिळाली, एमडींच्या सेशनमध्ये हे शक्यच नव्हतं.

ग्रुप प्रोजेक्ट ठीकठाक. तयार डीसीएफची (पुढच्या वर्षांच्या कमाईवरून कंपनीची आजची किंमत काढायची पद्धत) शीट देतात, गृहीतकं आपली. आमच्या ग्रुपात यावरून भांडणं झाली आणि ती झाली ते चांगलंच झालं, कारण डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) 9 टक्के ठेवून कायमची वाढ 2 ऐवजी 3 टक्के धरली की टर्मिनल व्हॅल्यू (अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या कमाईची किंमत) जवळजवळ 18 टक्क्यांनी वर जाते. म्हणजे एका सेलमध्ये एक टक्का बदलायचा आणि कंपनी 'स्वस्त' होते. परीक्षकांनी यावर एकही प्रश्न विचारला नाही, स्लाइडचे रंग मात्र आवडले. फीडबॅक म्हणून सगळ्या ग्रुपना तोच मेल आला. इथे एक स्टार कापला.

उरलेला अर्धा कापला वेळेच्या नाटकासाठी. आम्हाला संध्याकाळी वेळेवर घरी पाठवायचे, त्यामुळे खरी रात्र दिसतच नाही. 2021 मध्ये गोल्डमन सॅक्सच्या 13 पहिल्या वर्षाच्या ॲनालिस्टनी आपसात केलेला सर्व्हे बाहेर आला होता, त्यात आठवड्याला सरासरी 95 तास निघाले होते. तेव्हापासून बँकांनी नियम केलेत म्हणे, पण आमच्या सेशनमध्ये तासांचा विषय काढला की 'डीलवर अवलंबून असतं' एवढंच. माझ्या ॲनालिस्टने मात्र सरळ सांगितलं. दिवसभर सीनियर लोक मीटिंगमध्ये, त्यांच्या कमेंट्स येतात संध्याकाळी, आणि पान सकाळी हवं असतं. म्हणजे याचं खरं काम आम्ही निघाल्यावर सुरू.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. प्रवासखर्च आणि स्टायपेंड मिळतो का ते आधी मेलवर विचारून घ्या, सगळीकडे सारखं नसतं. आणि डेस्कची पसंती विचारतात त्या फॉर्ममध्ये सगळे एम अँड ए आणि ट्रेडिंग लिहितात, तिथे खुर्चीमागे पाच-पाच जण उभे असतात. ऑपरेशन्स किंवा रिस्क लिहाल तर एकट्याला अख्खा दिवस मिळतो. समर इंटर्नशिपचे अर्ज खूप लवकर उघडतात, कधी कधी वर्षभर आधी, आणि हे प्लेसमेंट केलेल्यांना काही बँका पहिल्या राउंडमधून सूट देतात. मला मिळाली, फॉर्म भरलाय, पसंतीच्या रकान्यात रिस्क.