मास्टेक्टॉमीनंतर सिलिकॉन प्रोस्थेसिस: बरेच महिने वापरल्यावर काय वाटतंय

ऑपरेशनच्या आधी मी खूप शोधलं होतं, पण सगळीकडे कंपन्यांची माहितीच मिळायची, रोज घालणाऱ्या बाईला काय वाटतं ते कुठेच नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. कॅन्सरमुळे माझी डाव्या बाजूची मास्टेक्टॉमी झाली, म्हणजे स्तन काढला, काखेतले लिम्फ नोड्सही (छोट्या गाठी) काढले, मग केमो आणि रेडिएशन. रिकन्स्ट्रक्शनला, म्हणजे ऑपरेशनने नवा स्तन करून घ्यायला, मी नको म्हटलं, आणखी एक मोठं ऑपरेशन सोसायची ताकदच नव्हती.

सिलिकॉनचं प्रोस्थेसिस, म्हणजे ब्राच्या खिशात घालायचा कृत्रिम स्तन, लगेच घालता येत नाही. जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण ६ ते ८ आठवडे, फोमचं हलकं घालतात. ते मऊ असतं, टोचत नाही, पण वजन नसल्यामुळे सारखं वर सरकतं. मला रेडिएशननंतरची कातडी बरी होईपर्यंत तेच वापरावं लागलं.

सिलिकॉनचं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा इतकं गार आणि जड लागलं की डोळ्यात पाणीच आलं, कारण आपलं काय गेलंय त्याचं वजन असं हातात कधी घेतलेलं नसतं ना. अंगावर घातलं की मात्र थोड्या वेळात ते शरीराइतकं कोमट होतं. आणि खरा फायदा या वजनाचाच आहे. एका बाजूचं वजन गेल्यावर माझा डावा खांदा वर उचलला जायचा, पाठ आखडायची, मी नकळत पुढे वाकून चालायला लागले होते. रोज घालायला लागल्यापासून पाठदुखी बरीच कमी झाली. त्यामुळे घेताना नुसता कप साइज बघू नका, वजन बघा, अंगाबरोबर बसणारा टीशर्ट घालून वाकून, हात वर करून, बाजूने उभं राहून बघा. मी आधी एके ठिकाणी गेले होते तिथली बाई सारखं एकच म्हणत होती, “कोणाला कळणार पण नाही.” अहो, लपवायला मी आलेच नव्हते, मला ताठ उभं राहायचं होतं.

त्रास सांगायचा तर घाम. टॅमॉक्सिफेन या कॅन्सरच्या गोळीमुळे मला हॉट फ्लॅशेस येतात, म्हणजे अचानक अंग तापून घाम फुटतो, तेव्हा प्रोस्थेसिसच्या मागची कातडी भिजते आणि टाक्यांच्या रेषेवर खाज सुटते. सुती कव्हर घातल्यावर बरं वाटतं. ब्रा खिशावालीच घ्या आणि पट्टे रुंद बघा, कारण लिम्फ नोड्स काढले असतील तर हाताला सूज येण्याची भीती असतेच, त्यात खांद्यावर काचणारा पट्टा नकोच. प्रोस्थेसिस रोज रात्री कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि त्याच्याच डब्यात ठेवायचं म्हणजे आकार बिघडत नाही. पिन, ब्रोच, मांजराची नखं यांपासून जपा.

आता जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं ते. छातीचा तो भाग बधिर आहे. माझी मुलगी घट्ट मिठी मारते तेव्हा तिचा दाब मला उजवीकडे छातीला कळतो आणि डावीकडे थेट बरगडीत कळतो. कधीकधी जो स्तन नाहीये तिथेच खाज येते, खाजवायला जावं तर हाताला सिलिकॉन लागतं. हे प्रोस्थेसिसने जात नाही. रात्री ते काढताना मला अजूनही वाईट वाटतं, बरेच महिने मी नवऱ्यासमोर कपडे बदलत नव्हते, आता बदलते. लोक प्रेमानेच म्हणतात की “आता तर काही झालंय असं वाटतच नाही”, आणि मला ते फार लागतं, कारण प्रत्येक चेकअपच्या आधी मला झोप नसते, ती भीती टीशर्टवरून कशी दिसणार?

घरी असताना मी बरेचदा घालत नाही. सुरुवातीला दारावर कोणी आलं की धावत जाऊन घालायचे, आता नाही धावत. कोणी घालायचं आणि कोणी नाही हे त्या त्या बाईने ठरवावं, घरच्यांनी त्यात बोलूच नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

घ्यायचं असेल तर केमो संपून वजन जरा स्थिर झाल्यावर घ्या, आणि नंतर वजन बदललं तर परत फिटिंग करून घ्या, माझं बदललंय, त्यामुळे मला आता पुढचं माप द्यायला जायचंय. या वेळी काखेकडची पोकळी भरून काढणारा आकार बघणार आहे, आत्ताचा तिथे कमी पडतो.