पन्नास पैशांचं पोस्टकार्ड : पेटीदुरुस्तीच्या धंद्यात दोन पावसाळे वापरून

मी हार्मोनियम दुरुस्त करते. मिरजेला तीन वर्षं एका कारागिराच्या हाताखाली शिकले. मिरजेचं नाव सतार-तंबोऱ्यासाठी, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, पण तिथे पेटीचंही काम चालतं. शिकून चिपळूणला परत आले. हातात काम होतं, दारात पेटी येत नव्हती. ओळखीच्या चार पेट्या झाल्या आणि पुढे शांतता.

तेव्हा पहिली चूक केली. 'ग्राहकांचे नंबर' विकणाऱ्या एका एजन्सीकडून चार हजार रुपये देऊन यादी घेतली आणि सरसकट मेसेज टाकले. अर्धे नंबर परजिल्ह्यातले निघाले. जे लागले त्यांचा एकच प्रश्न, "माझा नंबर तुला दिला कोणी?" एका घरात सुतक होतं. त्या बाई रागावल्या नाहीत, शांतपणे "आत्ता नको गं" म्हणाल्या. ते शब्द अजून लक्षात आहेत. त्या संध्याकाळी ती यादी पुसून टाकली.

पोस्टकार्ड सुचलं ते एका देवळात. भिंतीवर पाटी होती : भजनी मंडळाचं नाव, वाडी, मु. पो., तालुका. पत्ता गावानेच लावलेला. कोणाच्या खिशातून काढलेला नव्हता. तेव्हापासून मी पत्ते असेच जमवते. सप्ताहाला गेले की पाटी वहीत उतरवून घेते. दोन वर्षांत एकाही बुवांनी 'पत्ता कुठून मिळाला' असं विचारलेलं नाही.

आता मूळ वस्तूबद्दल. साधं कार्ड पन्नास पैशांना मिळतं, तिकीट वरच छापलेलं. मजकूर छापून पाठवायचा असेल तर छापील पोस्टकार्डाचा दर सहा रुपये, म्हणजे बारा पट. त्यामुळे हाताने लिहिणं हाच मार्ग. मी दिवसाला दहाच लिहिते. त्यापुढे अक्षर बिघडतं, आणि बिघडलेलं अक्षर लगेच दिसतं. पहिल्या वर्षी साठ कार्डं पाठवली, दुसऱ्या वर्षी एकशेवीस. दोन्ही मिळून कार्डांचा खर्च नव्वद रुपये.

पहिली साठ जवळजवळ वाया गेली, आणि त्यात दोष कार्डाचा नव्हता, माझ्या मजकुराचा होता. 'सर्व प्रकारची वाद्ये माफक दरात दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलं होतं. चार फोन आले, पेटी एक आली. असा मजकूर कुणालाही जाऊ शकतो, म्हणून तो कुणाचाच होत नाही. दुसऱ्या वर्षी आधी पेटी ऐकायची आणि मगच लिहायचं असं ठरवलं. एक कार्ड जसंच्या तसं देते :

'मा. बुवा आणि मंडळी, सप्रेम नमस्कार. सप्ताहात तुमचं भजन ऐकलं. गजर फार रंगला. पेटीचा मधल्या सप्तकातला धैवत थोडा उतरलाय असं वाटलं. पावसात दोन पट्ट्या दबूनही राहत असतील. गणपतीआधी मी तुमच्या बाजूला येणार आहे. पेटी तुमच्यासमोर उघडून बघेन, बघण्याचे पैसे घेत नाही. फोन खाली लिहिला आहे.'

एवढंच मावतं. कौतुक खोटं लिहायचं नाही, रंगला असेल तरच रंगला म्हणायचं. आणि मागणी एकच : बघू द्या. एकशेवीस कार्डांवर एकतीस फोन आले, एकोणीस पेट्या हाताखालून गेल्या.

कार्ड उघडं असतं, कोणीही वाचतं, ही लोकांची मुख्य तक्रार. माझ्या कामात तोच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला. वाडीत कार्ड आलं की ते आधी दुकानात वाचलं जातं, मग बुवांकडे जातं, मग देवळात. गणपतीला आलेला एक चाकरमानी त्याचा फोटो काढून मुंबईतल्या मंडळाला पाठवतो, आणि दिवाळीनंतर डोंबिवलीहून फोन येतो. पाकिटातल्या पत्राला ही वाट मिळालीच नसती. मात्र उघड्यावर लिहिताय याचं भान हवं. 'तुमची पेटी बेसूर आहे' असं लिहिलं तर माणसाचा चारचौघांत अपमान होतो. म्हणून 'थोडा उतरलाय असं वाटलं' एवढंच.

त्या धैवताच्या कार्डावर बुवांचा फोन चौथ्या दिवशी आला. "धैवत म्हणणारी ती तूच का गो? ये बघू." गेले. कार्ड दुकानात घड्याळामागे खोचलेलं होतं. पडवीत पेटी उघडली, आठ-दहा माणसं भोवती. भात्याची घडी एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली, तिथूनच हवा जात होती. धैवताचा पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणारी पितळेची पातळ जीभ, काढून तिच्या टोकाला दोन हलके हात कानस मारली. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. परत बसवला, बुवांनी भाता ओढला, पट्टी दाबली आणि डोळे मिटून तसेच थांबले. मग म्हणाले, "चार वर्षं मीच गळ्याने सांभाळून घेत होतो." मला भरून आलं. त्या वाडीतून पुढे आणखी तीन पेट्या आल्या.

वापरणाऱ्यांसाठी थोडं. कार्ड कुठवर पोचलं ते कळत नाही, पावती नसते. शाळेला दरपत्रक पाठवायचं असेल तर मी स्पीड पोस्टच करते (रजिस्टर पोस्ट २०२५ साली त्यातच विलीन झालं आहे). घाईच्या कामाला कार्ड नकोच, मी आठ दिवस हाताशी धरून चालते. आषाढी झाली की लिहायला बसते, म्हणजे श्रावणाच्या आत कार्डं पोचतात. पोचल्यावर आपण होऊन मागे लागत नाही. फोन नाही आला तर पुढच्या सप्ताहाला पुन्हा ऐकायला जाते.

पिनकोड चुकवू नका. पहिला आकडा विभागाचा, महाराष्ट्र-गोव्याला ४. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. आमच्याकडे एकाच नावाच्या तीन-तीन वाड्या, त्यामुळे हे सहा आकडेच कार्ड योग्य बुवांपर्यंत नेतात. १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी आणि संस्कृतचे कवी, याचा मला फार अभिमान वाटतो. कार्ड तर त्याहून कितीतरी जुनं, १ जुलै १८७९ला पाव आण्याला सुरू झालेलं.

यंदाची सत्तर लिहून झाली आहेत. लिहिताना चुकलेलं कार्ड मी टाकत नाही. त्याच्या बारीक पट्ट्या कापून हत्यारांच्या डब्यात ठेवते. सुराच्या फटीत धूळ अडकून तो मुका झाला, की तीच पट्टी आत सरकवून हलकेच फिरवायची.