आठ महिने गार पाण्यात: गच्चीवरच्या टबाचा अनुभव

नोव्हेंबरात टब घेतला, आता जुलै सुरू आहे. थंडीत आठवड्यातून चारदा, उन्हाळ्यात जेमतेम रविवारी, असं मी आमच्या पुण्यातल्या गच्चीवर गळ्यापर्यंत गार पाण्यात बसले. वय ४६, बँकेत नोकरी, उजवा गुडघा कुरकुरणारा. सकाळी दहापर्यंत डोकं सुरूच होत नाही ही माझी जुनी तक्रार. त्यात मोबाइलवर रोज कुणी ना कुणी बर्फात डुंबताना दिसायचं. मोह झाला.

टब म्हणजे पाइपांवर ताणलेल्या जाड रबरी कापडाचा हौद. किंमत साडेपाच हजार. महिन्याभरात तोटीतून पाणी झिरपायला लागलं, ते टेफ्लॉन पट्टी गुंडाळून थांबवलं. आज घ्यायचं असतं तर दोनशे लिटरचं निळं पिंप घेतलं असतं. चढायला स्टूल लागतं, पण झिरपायचा प्रश्न नाही.

खरा खर्च टबाचा नाहीच, बर्फाचा आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो (आणि त्याचं पाणी पुढे तापताना दर अंशाला आणखी एक), हे शाळेत घोकलेलं वाक्य चाळिशीनंतर कामाला आलं. दोनशे लिटर पाणी एका अंशाने उतरवायचं तर २०० किलोकॅलरी काढाव्या लागतात. डिसेंबरात आमच्या टाकीचं पाणी सकाळी १९ अंशांवर असायचं. आइस्क्रीमचे लिटरचे आठ रिकामे डबे भरून गोठवले आणि ते गोळे पाण्यात सोडले की पारा १५ वर यायचा. फुकटात काम. एप्रिलात तेच पाणी ३१ अंशांवर गेलं. ते १५ वर आणायला ३४ किलो बर्फ लागतो. आमच्याकडे किलोला दहा रुपये पडतात, म्हणजे एका डुबकीचे ३४० रुपये, शिवाय स्कूटरवर पायाशी वितळणारी लादी घेऊन घरी येणं वेगळंच. कारखान्यातला हा बर्फ निळसर असतो. खाण्याचा नसलेल्या बर्फाला २०१८ पासून राज्यात निळा रंग घालावा लागतो, सरबतात जाऊ नये म्हणून. त्या पाण्यात स्वतःची पावलं बघून पहिल्यांदा मी दचकलेच होते. युरोपातल्या लोकांनी नुसता नळ उघडून घेतलेला गार शॉवर आणि मे महिन्यात आपल्या नळाला येणारं पाणी यांना एकच नाव देण्यात अर्थ नाही.

आता आत बसल्यावर काय होतं ते सांगते. पहिल्या क्षणी छाती आवळते आणि आपल्याला न विचारता मोठा श्वास आत ओढला जातो. मग धाप. नाडी धावते, रक्तदाब चढतो. कातडीला अचानक गारठा लागला की शरीर असंच वागतं. पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. हा झटका एक ते तीन मिनिटांत ओसरतो. म्हणून पहिलं मिनिट नुसतं श्वास सोडण्याकडे लक्ष द्यायचं, बाकी काही नाही. नदीवर अंघोळ करणारी जुनी माणसं आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग खांद्यावर तांब्या ओतायची आणि डोकं शेवटी. मीही तसंच करते. सवय होते हे मात्र खरं. तीन आठवड्यांत धाप निम्म्यावर आली. डिसेंबरअखेर मी पंधरा अंशांत तीन मिनिटं बसून शेजारच्या गच्चीतल्या काकूंशी गप्पा मारत होते.

बाहेर आल्यावर जे मिळतं, त्यासाठीच मी हे चालू ठेवलं. डोकं लख्ख होतं. मन हलकं, अंगात तरतरी, आणि ती दोन-अडीच तास टिकते. चहाने मला हे कधी दिलं नाही. याचं कारण म्हणून सगळे एकच आकडा फेकतात: डोपामीन, म्हणजे उत्साहाशी जोडलं जाणारं शरीरातलं रसायन, २५० टक्क्यांनी वाढतं. आकडा खरा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चेक अभ्यासातला आहे, त्यात शरीराला सावध करणारं नॉरॲड्रेनलीन ५३० टक्के वाढलं होतं. फक्त त्यातले तरुण पुरुष १४ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत तासभर बसले होते. तासभर! आपण दोन मिनिटं बसायचं आणि तासाभराचा आकडा सांगायचा, हे मला पटत नाही. तरतरी येते, इतकंच मी छातीठोक सांगेन.

सर्दी? जानेवारीत व्हायची ती झालीच. नेदरलँड्समध्ये ३०१८ जणांवर प्रयोग झाला होता, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्या गरम अंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी. या लोकांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्के कमी झाल्या, आजारी असण्याचे दिवस मात्र फारसे घटले नाहीत. म्हणजे नाक गळतच होतं, पण माणसं कामावर गेली. तीस सेकंदवाल्यांना नव्वदवाल्यांइतकाच फायदा झाला, हे वाचून मला माझ्या साडेपाच हजारांची आठवण झाली.

वजन इंचभरही हललं नाही. उलट बाहेर आल्यावर अशी भूक लागते की दोनाच्या जागी चार पोळ्या जातात. गुडघा तासभर बधिर होतो आणि मग पूर्वपदावर. माझी मुलगी जिममध्ये वजनं उचलते, तिला तर मी व्यायामानंतर लगेच टबात बसू देत नाही. वजनांच्या व्यायामानंतर नेहमी गार पाण्यात बसलं तर स्नायूंची वाढ कमी होते, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलंय. रात्री नऊला एकदा बसून पाहिलं, एक वाजेपर्यंत टक्क जागी.

दोन चुका सांगायलाच हव्यात. टब घेण्याआधी मी गार पाण्यात बसवणाऱ्या एका स्टुडिओत पैसे भरून गेले होते. तिथल्या मुलाने आम्हाला भराभर तीस श्वास घ्यायला लावले आणि लगेच पाण्यात उतरवलं. काठावरच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भराभर श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची ऊर्मीच उशिरा येते आणि माणूस पाण्यात बेशुद्ध पडू शकतो. बर्फातल्या डुबक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ज्या डच विम हॉफ यांच्या नावाने हे शिकवतात, त्यांच्या स्वतःच्या सूचनांतही हे श्वसन पाण्यात करू नका असंच सांगितलंय. दुसरी चूक सर्वस्वी माझी. टबातून निघून तशीच पोह्यांचा कांदा चिरायला बसले. बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान काही वेळ उतरतच राहतं, हुडहुडी दहा मिनिटांनी भरते. बोटं बधिर होती, विळी बोटात शिरली ते रक्त दिसल्यावर कळलं. आता आधी कोरडे कपडे, टोपी, गरम पेज, मग स्वयंपाकघर.

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गारठ्यात बोटं पांढरी पडण्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. आणि एकट्याने कधीच नाही. मी बसते तेव्हा आई खुर्ची टाकून शेजारी असते. तिचं भाष्य अखंड चालू. ती तरुणपणी उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहून आली आहे, १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेल्या. तिथल्या कटिस्नानात पाय बाहेर आणि कंबर तेवढी गार पाण्यात. "आम्ही पोटासाठी बसायचो, तुम्ही फोटोसाठी," हा तिचा शेरा. फोटो मी एकच काढला होता.

पाण्याचंही बघावं लागतं. दोनशे लिटर रोज ओतायला जीव धजत नाही, म्हणून टबाला घट्ट झाकण, चार दिवसांनी पाणी बदल, आणि जुनं पाणी कुंड्यांना आणि संडासाला. झाकण नसेल तर डासांची पैदास घरातच. एप्रिलात आमच्याकडे दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हा तर टब भरण्याची लाजच वाटली.

सध्या टब घडी करून माळ्यावर आहे. पावसाळ्यात नळाचं पाणी २५ अंशांच्या आसपास येतं. गरम अंघोळीनंतर शेवटी अर्धा-एक मिनिट तेच अंगावर घेते. तरतरी टबाइतकी नाही, पण निम्म्याहून जास्त येते आणि फुकट येते. नोव्हेंबरात टब पुन्हा उतरवणार आहे. डबे मात्र फ्रीझरमध्येच राहिलेत, परवा भाचा आला आणि मोठ्या आशेने बटरस्कॉचचा डबा उघडून बसला.