थ्री नॉट थ्रीचा पट्टा, पुल-थ्रू आणि तेलाची कुपी : कामठीच्या एका दुकानातील खरेदी

कामठी छावणीच्या बाजारात गणवेश, बूट, बिल्ले आणि कवायतीचे साहित्य विकणाऱ्या जुन्या दुकानांपैकी एकात .३०३ रायफलीसोबत लागणारे किरकोळ सामान अजूनही नव्याने तयार करून मिळते. दुकानावर नावाची पाटी नाही. बाजारात कोणालाही ‘मिलिटरीचे सामान’ म्हणून विचारले की हात त्याच दिशेला जातो. नागपूरहून मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाऊन पुढे ऑटो केला की फारसा त्रास होत नाही. मी येथून खांद्याचा पट्टा, पुल-थ्रू (नळी आतून साफ करण्याची वजन लावलेली दोरी), तेलाची कुपी आणि ब्रीचचे, म्हणजे गोळी भरण्याच्या मागच्या भागाचे, कापडी कव्हर अशा चार वस्तू घेतल्या. माझ्याकडे रायफल नाही आणि ती बाळगण्याचा विचारही नाही. कवायतीसाठी सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी नमुन्यावर मी हे सामान लावून ठेवतो, आणि माझा संग्रह एवढ्याच अर्थाने त्या रायफलीचा आहे.

मुळात ही रायफल आपल्याकडे परकी राहिलेलीच नाही. हिचा मूळ आराखडा, म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्डचा तिसरा मार्क (आवृत्ती), १९०७ साली ब्रिटनमध्ये स्वीकारला गेला हे खरे असले, तरी कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्याने ती स्वातंत्र्यापूर्वीही बनवली आणि स्वातंत्र्यानंतरही बनवत राहिला. पुढे १९६० च्या दशकात त्याच आराखड्यावर ७.६२ मिलिमीटर गोळीची २ए आणि २ए१ ही रूपे तेथेच तयार झाली. २ए च्या मागच्या साईटवर, म्हणजे नेम धरण्याच्या पट्टीवर, २००० मीटरपर्यंतचे आकडे होते, ते २ए१ वर ८०० पर्यंत आणले गेले. ईशापूरने पुढच्या लाकडाला आडवा मजबुतीचा स्क्रू मारला, तो पाहूनच जाणकार दुरून सांगतात की ही भारतीय रायफल आहे. चामड्याचे आणि कापडी सामान कानपूरच्या सरकारी कारखान्यात होत असे. राष्ट्रीय छात्रसेनेत कवायत केलेल्या आमच्या पिढीच्या खांद्याला या रायफलीचे वजन ठाऊक आहे, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी समारंभपूर्वक निरोप दिला. इतका काळ जी वस्तू येथे घडली आणि येथेच वापरली गेली, तिच्या सामानाची आजची स्थानिक नक्कल हीदेखील संग्रहात ठेवण्याजोगी गोष्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अट एकच की ती नवी म्हणून विकली जावी आणि ज्या कामासाठी मूळ वस्तू होती ते काम तिने करावे.

या अटीवर पट्टा उत्तम उतरतो. मूळ पट्टा सव्वा इंच रुंदीच्या घट्ट विणीच्या सुती नवारीचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना पितळी पकडी असतात, आणि पट्टा रायफलीच्या कडीतून ओवून मागे दुमडला की ती पकड पट्ट्याच्याच अंगावर अडकते. बक्कल नाही, टाका नाही, तरीही ओढ बसली की तो सरकत नाही. सगळी मदार नवारीच्या जाडीवर आणि पकडीच्या वाकणावर असते. बाजारातील स्वस्त पट्टे येथेच फसतात : नवार पातळ असते, पकड सैल पडते आणि रायफल खांद्यावरून घेतली की पट्टा हातभर लांब होतो. या दुकानाच्या पट्ट्याला मी नमुन्याच्या वजनाची वाळूची पिशवी बांधून रात्रभर खुंटीला टांगले. सकाळी पकड जागची हललेली नव्हती. पकडीला चुंबक लावून पाहिले, तो चिकटला नाही, म्हणजे ती लोखंडावर मुलामा दिलेली नसून खऱ्या पितळेची आहे. दुकानदाराने ओतकाम भंडाऱ्याहून करून घेतो असे सांगितले. भंडाऱ्याच्या पितळकामाचा लौकिक विदर्भात कोणाला वेगळा सांगायला नको, आणि कडा ज्या सफाईने घासलेल्या आहेत त्या पाहता त्याच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

पट्ट्याबद्दल तक्रार रंगाची आहे. पाण्यात भिजवल्यावर खाकी रंग बराच सुटला, आणि नागपूरच्या मे महिन्यात घामाने पांढऱ्या शर्टावर त्याचा डाग पडणार हे उघड आहे. दोनदा मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवल्यावर रंग स्थिरावला, पण पट्टा लांबीला थोडा आटला. म्हणून नेमक्या मापाचा पट्टा हवा असेल त्याने तो धुऊन झाल्यावरच कडीत ओवावा. रंगाची छटाही मूळ पट्ट्यापेक्षा हिरवटपणाकडे झुकते. माझ्या संग्रहातील जुन्या पट्ट्याशेजारी ठेवल्यावर फरक चटकन दिसतो. एका पट्ट्याचे साडेचारशे रुपये पडले, आणि या कामाला ते जास्त नाहीत.

पुल-थ्रूच्या बाबतीत मी अधिक काटेकोर होतो, कारण हा सामानातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत विचारपूर्वक घडवलेला नग आहे. एका टोकाला पितळी वजन, मग दोरी, आणि दोरीला तीन फासे. वजनाजवळच्या पहिल्या फाशात तारेची जाळी, दुसऱ्यात चिंदी, आणि तिसरा फासा अशासाठी की पुल-थ्रू नळीत तुटला किंवा अडकला तर त्याला धरून तो बाहेर काढता यावा. कोरड्या सफाईला चार इंच बाय दोन इंचाची चिंदी आणि तेल लावायला त्याहून अर्धा इंच अरुंद, हे माप छात्रसेनेत पाठ करून घेतले जाई. वजन ब्रीचकडून सोडायचे, तोंडाकडून ओढायचे, आणि ओढताना दोरी नळीच्या काठाला घासू द्यायची नाही. घासली तर वर्षानुवर्षांच्या घर्षणाने काठावर खाच पडते आणि नेम बिघडतो. एवढ्याशा दोरीत इतका विचार आहे, म्हणून तिची नक्कल करणाऱ्याने फाशांची संख्या आणि क्रम चुकवला तर मी ती वस्तू परत करतो.

येथील पुल-थ्रूला तिन्ही फासे आहेत आणि क्रमही योग्य आहे. दोरी सुती, गोल विणीची आहे, नायलॉनची नाही. नायलॉनची दोरी स्वस्त पडते, पण तिच्यावरून हात सटकतो. रायफल नसताना तिची परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न फ्रिजच्या मेकॅनिककडे मिळणाऱ्या तांब्याच्या नळीने सोडवला. या रायफलीच्या नळीचे आतले माप सुमारे ७.७ मिलिमीटर आणि लांबी पंचवीस इंचांहून किंचित जास्त असते. आतून आठ मिलिमीटर भरणारी तेवढ्याच लांबीची तांब्याची नळी कापून घेतली की परीक्षेपुरते काम भागते. पितळी वजन नळीत सोडले तेव्हा ते कोठेही न अडता खणकन खाली आले, आणि मापाची चिंदी लावून ओढल्यावर नळीच्या भिंतीवर सर्वत्र सारखा दाब जाणवला. वजनाचे टोक मात्र मूळ नगापेक्षा बोथट आहे आणि त्यावर खरादयंत्राच्या बारीक रेघा राहिल्या आहेत. त्या कामात अडथळा आणत नाहीत, पण खराद्याने आणखी पाच मिनिटे दिली असती तर हा नग निर्दोष झाला असता. किंमत दोनशे रुपये, चिंद्यांची गड्डी त्यातच.

तेलाची कुपी मात्र घेऊ नये. मूळ कुपीच्या झाकणाला आत एक छोटा चमचा जोडलेला असतो आणि झाकणाखाली चामड्याची चकती बसते. तीच तेल अडवते. या कुपीत चामड्याऐवजी पातळ रबराची चकती आहे. शिलाई मशीनचे तेल भरून ती आडवी ठेवली, तर दुसऱ्या दिवशी खालचा कागद तेलकट झालेला होता. रायफलीच्या दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाच्या, पोकळीत पुल-थ्रू आधी जातो आणि कुपी त्याच्यामागून, तेव्हा गळकी कुपी दोरीला आणि लाकडालाही तेल पाजत राहणार. बाहेरून ती देखणी आहे, पितळही चांगले आहे, आटेही स्वच्छ आहेत. एका चकतीने सगळ्यावर पाणी फिरवले आहे. नागपूरच्या इतवारी बाजारात चामड्याचे काम करणाऱ्याकडून चकती कापून बसवल्यावर गळती थांबली, म्हणजे दोष सुधारण्यासारखा आहे, पण तो गिऱ्हाइकाने का सुधारावा? ब्रीचच्या कॅनव्हास कव्हरबद्दल एवढेच पुरे की शिवण दुहेरी आहे आणि टिचबटणे घट्ट बसतात.

हे दुकान मला आवडण्याचे मुख्य कारण काय विकले जाते यापेक्षा काय विकले जात नाही हे आहे. बोल्ट, नळी, मॅगझिन किंवा लाकडी भाग येथे नाहीत आणि मागणाऱ्याला दुकानदार तोंडावर नकार देतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. पट्टा, दोरी, कापड आणि कुपी यांची गोष्ट वेगळी, भागांची वेगळी, आणि संग्राहकाने ही रेषा स्वतःहून पाळली पाहिजे. ‘जुना आहे, कोण विचारतो’ या सबबीवर भाग जमवणाऱ्यांमुळे उद्या साध्या पट्ट्याकडेही संशयाने पाहिले जाईल.

दुसरे कारण प्रामाणिकपणाचे आहे. नागपुरातच अन्यत्र मला एका विक्रेत्याने असाच पट्टा दाखवला होता. त्यावर बाणाची खूण (ब्रिटिश सरकारी मालाची निशाणी) आणि १९४२ हे साल शाईने उमटवलेले होते, कापड चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट केलेले होते आणि किंमत पाचपट होती. शाई नवारीच्या उंचवट्यांवरच बसली होती, विणीच्या खोलगट जागेत उतरलेलीच नव्हती. ऐंशी वर्षे जुनी शाई अशी वर तरंगत नाही. पितळेवर वापराची गुळगुळीत झीज नव्हती, फक्त काळपट लेप होता. असे नग संग्रहात शिरले की खऱ्या भारतीय बनावटीच्या वस्तूंचा अभ्यासच नासतो, कारण कोणत्या कारखान्याने कोणत्या साली काय बदल केला हे आपण शेवटी अशा खुणांवरूनच वाचत असतो. कामठीच्या दुकानदाराने पट्टा हातात देतानाच सांगितले, “भाऊ, हे नवंच आहे, जुनं म्हणून नोका नेऊ.” पैसे घेण्यापूर्वी सांगितले, हे महत्त्वाचे.

सेवा संथ आहे. तयार माल थोडाच असतो, बाकीचा मागणीनुसार बनतो, आणि सांगितलेल्या तारखेला तो मिळेलच असे नाही. सणासुदीच्या आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या आधी तर दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण तेव्हा शाळा-महाविद्यालयांच्या पथकांचे बिल्ले आणि पट्टे त्याच्या हाती असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गेल्यास तो निवांत बोलतो आणि जुना नमुना दाखवला तर त्याप्रमाणे माप बदलूनही देतो. जुना नग मात्र त्याच्याकडे ठेवून येऊ नये. तेथेच बसून माप घ्यायला लावावे.

मी त्याला एक सूचना केली आणि ती त्याने मान्य केली : पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कडीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, ‘कामठी’ आणि तयार केल्याचे साल धाग्याने विणून घालायचे, म्हणजे तो पुढे कोणाच्याही हाती गेला तरी जुना म्हणून खपवता येणार नाही. मागणी नोंदवताना तसे सांगावे लागते. त्याचे वेगळे पैसे तो घेत नाही.