दुसरा अंतरा टिकतो का? मराठी गाण्यांची माझी क्रमवारी, काही महिन्यांच्या वापरानंतर

वर्षभराची वर्गणी एकरकमी भरून घेतलेल्या गाण्यांच्या ॲपमधून माझी मराठी गाण्यांची क्रमवार यादी एके दिवशी नाहीशी झाली. तक्रार केली की दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे सांगावे लागे आणि शेवटी ‘ॲप काढून पुन्हा टाका’ एवढाच सल्ला पदरात पडे. पैसे परत मिळण्याची सोय नव्हती. भरलेली वर्गणी वाया जाऊ द्यायची नाही, म्हणून मी ती यादी आठवणीवरून नव्याने करायला बसलो. तेव्हा बहुतेक गाण्यांचा मुखडा, म्हणजे पुन:पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, लगेच आठवला, पहिला अंतरा, म्हणजे त्यापुढचे कडवे, चाचपडत आठवला आणि दुसरा अंतरा मात्र मोजक्याच गाण्यांचा आठवला. महिनोन्महिने ऐकूनही ज्याच्या दुसऱ्या अंतऱ्यातले काहीच हाती लागत नाही, ते गाणे वरच्या जागेला पात्र नाही, असे मी त्याच दिवशी ठरवले. पुढची क्रमवारी त्या निकषावर लावली आहे. गाणी सर्वांच्या ओठांवर आहेत, त्यामुळे त्यांची ओळख करून देत बसत नाही.

पहिल्या जागेवर ‘नटरंग’मधले ‘खेळ मांडला’ आहे आणि ते तिथून हलण्याची चिन्हे नाहीत. चित्रपट २०१० सालचा, मूळ कादंबरी आमच्या कागलच्या आनंद यादवांची, शब्द गुरू ठाकूर यांचे आणि आवाज अजय गोगावले यांचा. पहिल्या अंतऱ्यात देवाच्या पायरीशी उभा राहिलेला माणूस आहे. तिथे कोणी लहानमोठा नाही, असे तो म्हणतो, आणि इथपर्यंत ही प्रार्थना आपण इतरत्रही ऐकलेली असते. दुसऱ्या अंतऱ्यात मात्र गणगोत उसवते, जगणे भेगाळलेल्या भुईसारखे होते, रान करपते आणि शिवार जळून जाते. एवढे सगळे गेल्यावर तो माणूस सुटका मागत नाही, झुंजण्याचे बळ मागतो. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडलेली भेग ज्याने जवळून पाहिली आहे, जिच्यात अख्खा हात जातो, त्याला ती ओळ समजावून सांगावी लागत नाही. गाण्याचा सगळा भार दुसऱ्या अंतऱ्यावर टाकण्याचे धाडस फार थोडे गीतकार करतात, कारण ऐकणारा तिथपर्यंत थांबेल याची खात्री कोणालाच नसते.

दुसरी जागा ‘जोगवा’मधल्या ‘जीव रंगला’ला दिली आहे. संजय कृष्णाजी पाटील यांचे शब्द आणि हरिहरन व श्रेया घोषाल यांचे आवाज आहेत. ५६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या दोघांना पार्श्वगायनाचे आणि अजय-अतुल यांना संगीताचे पारितोषिक मिळाले. पुरस्कार बाजूला ठेवला तरी माझा निकाल बदलत नाही, कारण हे गाणे कितीही वेळा लावले तरी कानाला त्याचे ओझे होत नाही. ज्या कोल्हापुरातून दरवर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला माणसे जातात आणि जिथे ओढ्यावरच्या रेणुकेच्या दारी देवीला वाहिलेले जोगती-जोगतिणी दिसतात, तिथल्या श्रोत्याला या प्रेमगीतामागची कोंडी ठाऊक असते. म्हणूनच ते हळुवार असूनही गोडगोड वाटत नाही.

तिसऱ्या जागेबद्दल माझे मत मध्येच बदलले आणि ते का बदलले, हे सांगणे आवश्यक आहे. ‘सैराट’मधले ‘याड लागलं’ मी सुरुवातीला पाचव्या जागेवर ठेवले होते. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालू असताना मोबाइलवर ते लावले की अजय गोगावले यांचा आवाज यंत्राच्या घरघरीतून वर येई, पण त्यामागचा तंतुवाद्यांचा समूह जवळजवळ नाहीसा होई, आणि मग गाण्यात एक ओळ पुन:पुन्हा येते एवढेच उरे. पुढे रात्री घरी हेडफोन लावून तेच गाणे ऐकले तेव्हा दोन अंतऱ्यांमधल्या संगीताने मला जागचे हलू दिले नाही. या चित्रपटाच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झाले आहे, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला चेलो व डबल बासचे खालचे स्वर पेलतच नाहीत. इथे दुसऱ्या अंतऱ्याचे काम शब्दांऐवजी वाद्ये करतात, हे मान्य करून मी गाणे दोन जागा वर घेतले. ज्यांनी ते केवळ मोबाइलवर ऐकले आहे, त्यांनी एकदा बऱ्या साधनावर अवश्य ऐकावे. त्यासाठी महागडा हेडफोन लागत नाही, माझा अगदी साधाच आहे.

‘झिंगाट’ आणि ‘कोंबडी पळाली’ ही मिरवणुकीची गाणी, त्यांना हा निकष लावू नये, असे माझे मित्र सांगतात. मला ते पटत नाही. ‘कोंबडी पळाली’मध्ये वैशाली सामंत आणि आनंद शिंदे असे दोन ठसठशीत आवाज आहेत, त्यामुळे मुखडा संपला तरी गाण्याची रंगत उतरत नाही. २०१२ साली हीच चाल हिंदीत ‘चिकनी चमेली’ होऊन गेली आणि देशभर वाजली, तरी मला मूळ गाणेच अधिक भरीव वाटते. ते चौथ्या जागेवर आहे. ‘झिंगाट’ सहाव्या जागेवर आहे. नाचायला त्याच्याइतके चांगले गाणे नाही, पण महाद्वार रोडवर डॉल्बीच्या भिंतीसमोर उभे राहून शब्द ऐकण्याचा प्रयत्न केला, तर छातीत हादरे तेवढे जाणवतात आणि अंतरा कधी आला-गेला ते कळत नाही. खुर्चीत बसून ऐकायला म्हणून ते मी आता लावत नाही.

संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’वर (२०२४) लिहिणे सर्वांत कठीण गेले. चित्रपटाचा आधार नसताना एक मराठी गाणे देशभर पोहोचले, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्याची ओळ डोक्यात बसते हेही खरे. मात्र ती ओळ बसल्यानंतर गाण्याकडे देण्यासारखे फार उरत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून ते सातवे. यावर एक उत्तर नेहमी मिळते, की आता गाणी छोटीच करावी लागतात, कारण मोठ्या ऑनलाइन सेवांवर तीस सेकंद वाजले की गाणे एकदा ऐकले गेले असे धरतात आणि पुढचे कोणी ऐकत नाही. हे कारण मला मुळीच मान्य नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि तेवढ्यात जुन्या भावगीतांनी दोन-दोन, तीन-तीन कडवी निभावली. जगदीश खेबूडकरांनी आमच्या कोल्हापुरात राहून लावणी लिहिली, आणि त्यांच्या लावणीत शेवटचे कडवे आधीच्या कडव्याच्या पुढे पाऊल टाकते. अडचण मिनिटांची नाही. मुखडा जमला की काम झाले असे मानून उरलेली जागा कशीबशी भरण्याची सवय लागली आहे, आणि श्रोत्यांनी हे खपवून घेणे थांबवायला हवे.

पाचव्या जागेवर सध्या ‘महाराष्ट्र शाहीर’मधले ‘बहरला हा मधुमास’ आहे. २०२३ साली ते इतके वाजले, की मी त्याच्यापासून मुद्दाम दूर राहिलो होतो. आता त्याची लाट ओसरल्यावर ते निवांत ऐकतो आहे, आणि श्रेया घोषाल व अजय गोगावले एकमेकांना ज्या सहजतेने ओळ सोपवतात, ते दर खेपेला अधिक आवडते आहे. त्याचा दुसरा अंतरा मला अजून पूर्ण पाठ नाही. तो झाला, तर ‘कोंबडी पळाली’ एक जागा खाली येईल.